आश्विनातले अंगण : प्रश्न वाचकांचे

लहानपणीचा शरद ऋतू या विषयावर आपल्या मनातल्या शंका कळवाव्यात, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. पत्रे भरपूर आली. त्यांतील बरीच नुसत्या हळहळीची होती. 'आता ते दिवस राहिले नाहीत' या वाक्यापाशी ती संपत होती आणि त्या वाक्याला उत्तर देण्यासारखे काही नसते. म्हणून ज्या पत्रांत आठवणीसोबत एखादा खराखुरा प्रश्न होता, तीच येथे निवडली आहेत. ज्यांची पत्रे राहिली त्यांनी राग मानू नये. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : लहानपणीचा दसरा म्हटला की मला पायाखालचा चिखल, वडिलांच्या काखेतली छत्री आणि सोने लुटायला जाताना भिजलेला नवा सदरा आठवतो. माझा धाकटा भाऊ मात्र शपथेवर सांगतो की, दसऱ्याला पाय भाजत असत आणि परत येताना पाण्यासाठी जीव कासावीस होई. आम्हा दोघांत सहा वर्षांचे अंतर आहे, गाव एकच आणि वाटही एकच. मग खरे कोणाचे? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : दोघांचेही खरे असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्याचे कारण आपल्या दोघांच्या स्मरणशक्तीत नसून पंचांगात आहे. दसरा हा चांद्र तिथीचा सण आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे दसरा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जातो आणि अधिक महिना पडला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे ढकलला जातो. अलीकडचीच वर्षे पाहावीत. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, तर २०२५ साली तो थेट २ ऑक्टोबरला आला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे तो पुन्हा २० ऑक्टोबरला गेला. म्हणजे एकाच सणाची जागा तीन आठवड्यांहून अधिक मागेपुढे होते, आणि नेमक्या याच तीन आठवड्यांत आपल्याकडचे हवामान कूस बदलते.

पाऊस परतण्याची वेळ याच सुमाराची असते. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरली जाई. हवामान खात्याने २०२० साली ती ८ ऑक्टोबर अशी सुधारली. तेव्हा २ ऑक्टोबरचा दसरा आणि २४ ऑक्टोबरचा दसरा हे एका नावाचे दोन निराळे दिवस समजावेत. पहिल्यात हस्ताचा गडगडाटी पाऊस असू शकतो, तर दुसऱ्यात चित्रा नक्षत्राचे ते ऊन असते, ज्यात सावलीत उभे राहिले तरी घाम पुसावा लागतो. आभाळ निवळलेले, वारा पडलेला आणि जमिनीत मुरलेल्या पाण्याची वाफ अजून वर येत असलेली, असा तो मेळ असतो.

येथे नक्षत्रांची गोष्ट वेगळी आहे हे लक्षात घ्यावे. शेतकरी जी पावसाची नक्षत्रे मोजतो ती सूर्याची असतात आणि त्यांच्या तारखा वर्षानुवर्षे जवळजवळ ठरलेल्या असतात : हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरच्या आणि स्वाती २४ ऑक्टोबरच्या. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती' असे जे म्हटले जाते, ते सणावर अवलंबून नाही. त्यामुळे आपल्या वडिलांनी 'यंदा दसरा हस्तात आला' किंवा 'यंदा चित्रात गेला' असे शब्द वापरले असतील, तर ते आठवून पाहावेत. शेतीवाडीच्या घरात असे बोलणे सर्रास होई.

आता उरला प्रश्न स्मरणाचा. लहान मुलाच्या मनात दसऱ्याची दहा वेगवेगळी चित्रे राहत नाहीत. एखाद्या वर्षी सदरा भिजला, आईने रागे भरले आणि तेच चित्र 'दसरा' या नावाखाली कायमचे बसले, असे होते. पुढच्या वर्षीच्या कोरड्या दसऱ्याने ते पुसले जात नाही. आपण दोघे साधारण सात-आठ वर्षांचे होता ती साले कागदावर लिहावीत आणि घरात किंवा गावच्या ग्रंथालयात जुनी पंचांगे असल्यास त्या वर्षांचा दसरा काढून पाहावा. सहा वर्षांच्या फरकात तारीख कितीही हलू शकते. भावाला हे सांगताना 'मी म्हणत होतो तेच' असे म्हणू नये, कारण तोही तेच म्हणेल.

प्रश्न : माझे माहेर अकोल्याकडचे. आम्ही मुली महिनाभर भुलाबाई खेळत असू. लग्नानंतर मी पुण्यात आले. सासूबाईंच्या मते भोंडला हाच मूळचा खेळ असून भुलाबाई ही त्याची खेड्यातली नक्कल आहे. आता माझी मुलगी पाच वर्षांची झाली आहे आणि तिला काय शिकवायचे यावर आमच्या घरात गोड भांडण चालू आहे. कृपया निवाडा करावा. — एक वाचक, पुणे

उत्तर : सासू-सुनेच्या वादात निवाडा करण्याइतके हे सदर धाडसी नाही, तरी नक्कल हा शब्द मात्र मागे घ्यावा, असे आम्ही सासूबाईंना आदरपूर्वक सुचवतो. भोंडला, हादगा आणि भुलाबाई या तिघी बहिणी आहेत आणि त्यांच्यात थोरली कोण हे सांगणारा कागद कोणाकडे नाही.

त्यांचे दिवससुद्धा एक नाहीत. पुण्याकडचा आणि कोकणातला भोंडला बहुधा नवरात्रात, घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत चालतो. कोल्हापूर-सांगलीकडचा हादगा सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की मांडतात आणि तो पुढे १६ दिवस चालतो. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी आणि दोन खिरापती, अशी चढती भांजणी ठेवण्याची तेथील जुनी रीत आहे. शेवटच्या दिवशी सोळा प्रकार करताना घरातल्या बायकांचे काय होत असेल याचा विचार त्या वयात कोणतीच मुलगी करीत नाही. भुलाबाई मात्र सर्वांत ऐसपैस : भाद्रपदी पौर्णिमेला बसते आणि कोजागरीला उठते, म्हणजे पुरता महिना. खानदेशात तिलाच गुलाबाई म्हणतात.

मांडणीही वेगळी असते. भोंडल्यात पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढतात, पाट मध्ये ठेवतात आणि मुली त्याभोवती फेर धरतात. हादग्यात समोरासमोर तोंडे केलेल्या हत्तींचे चित्र भिंतीवर लावतात आणि त्याला फुलांच्या व फळांच्या माळा घालतात. हत्ती का, याचे साधे उत्तर असे की हस्त नक्षत्राचा पाऊस लोकांच्या बोलण्यात हत्तीचाच पाऊस आहे. तो सोंडेने ओतावा तसा येतो आणि त्याच्यावर रब्बीची ओल अवलंबून असते. भुलाबाईकडे हत्ती नाही. तेथे मातीच्या मूर्ती असतात, भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजेच पार्वती आणि शंकर. पार्वती महिनाभरासाठी माहेरी आलेली असते, मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर तिच्यापुढे गाणी म्हणतात, आणि कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून तिला बसवतात. आपण हे सर्व केले असणार. ज्वारीची ती हिरवी ताटे त्या वेळी मुलींच्या डोक्यांच्याही वर जात, हे मुलीला सांगण्यासारखे आहे, कारण पुण्यातल्या मुलीने ज्वारी भाकरीच्या रूपातच पाहिलेली असते.

तिन्ही खेळांत समान काय, तर गाण्यांतले सासर-माहेर आणि शेवटची खिरापत. गाणी ऐकताना मोठ्या माणसांना आश्चर्य वाटते की आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी सासूची खोडी, नणंदेचा तोरा आणि वेड्या नवऱ्याच्या फजितीची कहाणी कशी शोभते. परंतु एके काळी त्याच वयात मुलींची लग्ने होत असत, आणि जे सासरी गेल्यावर उघड बोलता येणार नव्हते ते फेर धरून, टाळ्या वाजवून, देवाच्या नावाने म्हणून घेण्याची ही सोय होती. आजच्या मुलीला त्यातला उपहास कळत नसला तरी ठेका कळतो, आणि तेवढे पुरे आहे.

खिरापतीचे मात्र शास्त्र आहे, आणि ते मुलीला नीट शिकवावे. झाकलेला डबा ओळखण्यापूर्वी खायचा नसतो. प्रथम तिखट की गोड, मग कोरडे की ओले, मग तळलेले की वाफवलेले असे प्रश्न विचारायचे, आणि घरच्या मुलीने फक्त मान हलवायची. डबा कानाशी धरून हलविण्याची परवानगी प्रत्येक आळीत नसे. जेथे असे तेथे खुळखुळ आवाज आला तर फुटाणे-शेंगदाणे, सरसर आली तर भडंग, आणि नुसताच धप्प आवाज आला तर शिरा, हे मुलींना पाठ असे. आमच्या शेजारच्या एक काकू याच्यावर ताण करीत. त्या खोबऱ्याच्या वडीच्या डब्यात कागदाच्या पुडीत बांधून चार चिंचोके टाकीत, आणि सगळ्या मुली 'शेंगदाणे, शेंगदाणे' असे ओरडत राहत. ज्या घरची खिरापत शेवटपर्यंत ओळखता येत नसे त्या घरच्या मुलीची मान दुसऱ्या दिवशी शाळेत जरा ताठ असे.

तेव्हा आमची सूचना अशी की, नऊ दिवस सासूबाईंचा हत्ती पाटावर असावा आणि कोनाड्यात आपली भुलाबाई भाद्रपदापासूनच बसलेली असावी. दोन्हींच्या तारखा एकमेकींच्या आड येत नाहीत. मुलीला दोन खिरापती मिळतील आणि ती तक्रार करणार नाही.

प्रश्न : दसऱ्याला ठाण्याच्या बाजारात आपट्याच्या पानांच्या जुड्या घेतल्या. माझ्या आठवणीतली पाने याच्या निम्म्यानेही नव्हती आणि ती हाताला जाड व खरखरीत लागत. लहानपणी सगळेच मोठे वाटते असे म्हणतात; येथे उलटेच झाले. असे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली आठवण अचूक आहे, आणि बाजाराने आपल्याला कांचन दिला आहे. आपटा आणि कांचन ही एकाच कुळातली झाडे. दोघांचीही पाने टोकाशी दुभंगलेली, त्यामुळे घाईत फसगत होते. खुणा सांगतो. आपट्याचे पान लहान असते, लांबीपेक्षा रुंदीला किंचित जास्तच, चामड्यासारखे जाड, आणि खालची बाजू फिकट व लवदार असते. कांचनाचे पान तळहाताएवढे, पातळ आणि गुळगुळीत असते. झाड पाहायला मिळाले तर शंकाच उरत नाही : आपटा हे माळावरचे, वाकड्या अंगाचे, खाली झुकलेल्या फांद्यांचे झाड आहे आणि त्याला उन्हाळ्यात पांढुरकी, सहज नजरेत न भरणारी फुले येतात, तर गुलाबी-जांभळ्या फुलांचा कांचन शहरात रस्त्याच्या कडेला मुद्दाम लावलेला असतो आणि त्याची एक जात याच दिवसांत फुलू लागते. त्यामुळे शहरातल्या विक्रेत्याच्या हाती तोच आधी लागतो.

आपट्याला सोन्याचा मान का मिळाला याची कथा आपण ऐकली असेलच. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकले होते, म्हणून त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि कुबेराने रातोरात मुद्रांचा पाऊस पाडला. कौत्साने चौदा कोटींपेक्षा एकही मुद्रा अधिक घेतली नाही व उरलेल्या लोकांनी लुटून नेल्या. मुलांना कथेतला कुबेर आवडतो. आम्हाला कौत्साचा तो हिशेबीपणा जास्त आवडतो.

व्यवहारातही हे झाड गरिबांच्या उपयोगाचे होते. त्याच्या पानांत विड्या वळल्या जात आणि सालीच्या वाखाचे दोर होत. एका दिवसासाठी त्याच्या फांद्या पोत्यांनी ओरबाडून आणणे हा प्रकार मात्र आपल्या लहानपणी नव्हता. तेव्हा घरातला एक जण माळावर जाई, दोन मुठी पाने आणी आणि तीच पाने या हातातून त्या हातात फिरत राहत. वडीलधाऱ्यांना सोने देऊन नमस्कार केला की तेच सोने पुढच्या घरी चाले. कांचनाच्या जुडीपेक्षा खऱ्या आपट्याचे एक पान बरे, असे आमचे मत आहे. ज्यांच्या गावी झाड असेल त्यांनी त्याचे बी कुंडीत लावून पाहावे.

प्रश्न : मी नंदुरबारकडच्या एका खेड्यात वाढलो. आता पन्नाशी उलटली आहे. मध्यंतरी अत्तराच्या दुकानात एक बाटली नाकाशी धरली आणि क्षणात मी गुरांमागे माळावर चालणारा सहा वर्षांचा मुलगा झालो. मोजे नव्हते, पायाला कुसळे टोचत होती, सगळे दिसले. तेच दृश्य फोटो पाहून कधी आठवले नव्हते. हा काय प्रकार असावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या बाटलीत बहुधा रोशा तेल असावे. रोशा हे सुगंधी गवत आहे आणि त्याच्या तेलासाठी खानदेश फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येते, तेव्हा त्यातून नुसते चालत गेले तरी कपड्यांना गुलाबाशी नाते सांगणारा वास लागतो. म्हणजे आपण जो वास दुकानात घेतला तोच आपल्या माळावर आश्विनात सुटत होता, आणि तोही नेमका कुसळांच्या दिवसांत.

वासाने एवढे लख्ख का आठवावे, याचे शरीरातले कारण बरेच स्पष्ट आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत एका मधल्या ठाण्यावरून पुढे पाठविले जाते. वासाचा रस्ता मात्र त्या ठाण्याला वळसा घालून, भावना आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट जातो. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ साली वयस्कर मंडळींवर केलेला एक अभ्यास आपल्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. त्यांना काही शब्द, काही चित्रे आणि काही वास देऊन आठवणी सांगायला लावल्या, तेव्हा शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी बहुतकरून वयाच्या अकरा ते वीस या वर्षांतल्या निघाल्या. वासाने जाग्या झालेल्या मात्र दहा वर्षांच्या आतल्या होत्या. आपण सहा वर्षांचे झालात ते उगीच नव्हे.

कुसळांचा उल्लेख वाचून आम्हालाही पोटऱ्या चोळाव्याशा वाटल्या. कुसळी गवताचे बी म्हणजे एक बारीक टोकदार भाला असतो आणि त्याला मागे लांब, पीळ पडलेला केसर असतो. हा केसर ओला झाला की उलगडतो आणि सुकला की पुन्हा पिळतो. त्या उलगडण्या-पिळण्यातून बी स्क्रूसारखे फिरत जमिनीत घुसते. धोतराच्या काठात किंवा मुलाच्या चड्डीत शिरलेले कुसळ घामाने भिजले की तेच करते, म्हणून ते झटकून पडत नाही. हे खरे वाटत नसेल तर एक पिकलेले कुसळ तळहातावर ठेवून त्याच्या शेपटीवर पाण्याचा थेंब टाकावा आणि मिनिटभर पाहावे. ते जिवंत असल्यासारखे गरगर फिरू लागते. नातवंडांना हा प्रयोग दाखविण्यास आश्विन-कार्तिकाइतका चांगला काळ नाही.

प्रश्न : घटस्थापनेच्या सुमारास आमच्या अंगणावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असत. आम्ही एखाद्याला पकडून शेपटीला दोरा बांधत असू. त्याबद्दल आता वाईट वाटते. पण ते त्याच दिवसांत एवढे का येत आणि दिवाळीपर्यंत कोठे नाहीसे होत? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण ज्याला दोरा बांधत होता तो कदाचित आफ्रिकेला निघालेला होता. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढणारी चतुरांची एक भटकी जात आहे. तिची पिल्ले थोड्याच आठवड्यांत पंख फुटून बाहेर पडतात आणि पाऊस सरताना त्यांची संख्या एकदम डोळ्यांत भरते. याच जातीचे लाखो चतुर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मालदीव बेटांवर उतरतात, जेथे त्यांना वाढण्यासारखे गोडे पाणी जवळपास नाही. तेथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी अनेक वर्षे नोंदी ठेवून २००९ साली असे मांडले की, हे किडे भारतातून निघून ईशान्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात व पूर्व आफ्रिकेत पोचतात. पुढच्या अभ्यासांनीही या अंदाजाला बळ दिले आहे. दोऱ्याबद्दल आता फार मनाला लावून घेऊ नये. सगळ्या गावची मुले तेच करीत, आणि दोरा निसटून गेलेलेही पुष्कळ असत.

प्रश्न : कोजागरीला आई थोरल्या भावाला पाटावर बसवून ओवाळायची आणि आम्हा धाकट्यांना नुसते आटीव दूध. चाळीस वर्षे झाली तरी हे मनातून गेलेले नाही. याला काही आधार आहे का, की भाऊ लाडका होता? — एक धाकटी बहीण, कोल्हापूर

उत्तर : आधार आहे. आश्विन पौर्णिमेला ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची जुनी रीत आहे आणि तिला आश्विनी करणे असे म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, मान थोरलेपणाचा असतो. त्यामुळे आपल्याऐवजी भाऊ धाकटा असता तर पाटावर आपण बसला असता. तो लाडका होता की नाही हा प्रश्न यातून सुटत नाही, हे आम्हीही जाणतो. कोकणात हीच पौर्णिमा नवान्नाची असते. नव्या भाताच्या लोंब्यांचे तोरण दाराला लागते आणि नव्या तांदळाचा भात किंवा खीर होते, आणि तेथे पानावर थोरला-धाकटा असा भेद नसतो. पुढच्या कोजागरीला आपण भावालाच दूध आटवायला सांगावे. मंद आचेवर तासभर पळी फिरवीत उभे राहणे हाही एक प्रकारचा मान आहे.

प्रश्न : माझी आठ वर्षांची मुलगी शाळेसाठी लाल-पिवळी पाने गोळा करते आणि मला विचारते, 'तुझ्या गावी या दिवसांत कोणत्या रंगाची पाने पडायची?' मला उत्तर सुचत नाही. — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तिला खरे सांगावे की, या दिवसांत आपल्याकडे पाने पडत नाहीत, ती शिशिरात, माघ-फाल्गुनात गळतात. आपल्या शरदाचा रंग झाडावर नसून जमिनीवर असतो. माळावरचा तेरडा विरत आलेला, सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले डोंगरउतार, शेतात पिवळे पडू लागलेले हळवे भात, दारात झेंडूचे ढीग आणि भर दुपारी हिरव्याचे सोनेरी होत जाणारे गवत. तिच्या पानांच्या वहीत एक पान कोरे ठेवून त्यावर तिच्याकडून तांदळाच्या दाण्यांचा हत्ती चिकटवून घ्यावा आणि जवळच्या महाराष्ट्र मंडळात भोंडला असेल तर तिला डबा घेऊन पाठवावे. खिरापत मात्र अशी असावी की तेथल्या मुलींना पहिल्या फेरीत ओळखता येऊ नये.

प्रश्न : यंदा मुलांबरोबर दिवाळीचा किल्ला करायचा आहे. आमच्या लहानपणी बुरुजाच्या अगदी उभ्या भिंतीवरही हिरवळ उगवत असे. गेल्या वर्षी आम्ही मोहरी टाकली. ती सगळी पायथ्याशी घसरली आणि तेथेच झुपका उगवला. काय चुकले? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : बी चुकले. उभ्या उतारावर हळीव लागतात. हळिवाचा दाणा पाण्यात पडला की त्याच्याभोवती बुळबुळीत गर सुटतो आणि तो दाणा जेथे टेकेल तेथे चिकटून बसतो. मोहरीला एवढा चिकटपणा नसतो. आधी विटा-दगडांचा सांगाडा रचून त्यावर चिखलात बुचकळलेले गोणपाट घालावे, म्हणजे मातीला धरायला काहीतरी मिळते आणि बुरुज वाळताना तडकत नाहीत. चिखल किंचित ओलसर असतानाच, भिजवून चिकट झालेले हळीव बोटांनी पातळ थरात लावावेत. पाणी ओतू नये, नुसते शिंपडावे, नाहीतर तटबंदी वाहून जाते. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि पाच-सहा दिवसांत बोटाच्या पेराएवढी हिरवळ होते, म्हणून वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी पेरणी आटोपावी. मोहरी शिल्लक असेल तर ती पायथ्याच्या सपाट शेतांना वापरता येईल. महाराजांची मूर्ती ठेवायच्या जागेभोवती मात्र काहीही पेरू नये. उगवलेल्या हळिवात महाराज पाडव्यापर्यंत कमरेइतके बुडतात.